पाणी लागलं, त्याचा खुलासा

तीर्थस्वरूप ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. (‘तीर्थस्वरूप’ लिहिताना आज पहिल्यांदाच हात अडखळला. गेले दोन महिने या घरात पाण्यावर इतकं बोललं गेलंय की तीर्थ म्हटलं तरी ते कुठल्या टाकीतलं आणि त्यात क्लोरीन किती, हेच आधी मनात येतं. तरी तू तीर्थस्वरूपच आहेस. तुझी तपासणी झालेली नाही आणि होणारही नाही.)

तुझा गुडघा कसा आहे? जिना एका दमात चढतेस, की मधल्या वळणावर खिडकीतून काहीतरी बघण्याचं निमित्त करून थांबतेस? डोळ्यांत थेंब घालतेस ना, की बाटली नुसती उशाशी ठेवून समाधान मानतेस? शेजारणीचं मांजर तिच्याकडे परत गेलं की अजून तुझ्याकडेच जेवतं? आमच्याकडे सगळं क्षेम आहे. म्हणजे माणसं ठीक आहेत. नळाचं विचारू नकोस. असं म्हणते खरी, पण हे पत्र सगळं नळाचंच आहे, तेव्हा चहा घेऊन बस.

तुझं कार्ड पोचलं. त्यात दोनच वाक्यं होती. ‘हिरवी ट्रंक पाठवून दे. तुमच्याकडचं पाणी मला लागतं, तेव्हा आता येणं होणार नाही.’ (वसतिगृहात नऊ वर्षं काढलेल्या बाईने मायना नाही, शेवट नाही असं कार्ड टाकावं? सिस्टरांनी तुला ते पाच वेळा परत लिहायला लावलं असतं आणि वर संध्याकाळचं दूध बंद केलं असतं.) कार्डाला सात आठवडे झाले. ट्रंक अजून धाकट्या खोलीतच आहे, तुझ्या पलंगाखाली. जी खोली तुला कायमची राहायला म्हणून मी शिवणाचं मशीन बाहेर काढून रिकामी केली, जिच्यात तू दोन ट्रंका घेऊन आलीस आणि दहाव्या दिवशी एकच घेऊन गेलीस, तीच खोली. उशीर का झाला याचा खुलासा मागायचा तुला हक्क आहे. तो देते.

‘पाणी लागतं’ हे साधं मराठी आहे. कुणाला परगावचं पाणी लागतं, कुणाला ऊन लागतं, कुणाला नव्या चपला लागतात. त्यावर समोरच्याने ‘अगंबाई’ म्हणायचं असतं आणि विषय बदलायचा असतं, नाही, असतो. (बघ, व्याकरणसुद्धा बिघडलंय.) आमच्या ह्यांनी विषय बदलला नाही. ह्यांनी वही काढली. तुला माहीतच आहे, अख्खी नोकरी ह्यांनी वजन-मापांच्या कचेरीत काढली. दुकानदाराचा तराजू किती खोटा आहे ते हे दारातूनच ओळखायचे. निवृत्तीनंतर पकडायला कुणी उरलं नाही. घरातलं दुधाचं माप पकडून झालं, माझी स्वयंपाकघरातली वाटी खोटी ठरवून झाली. अशा माणसाच्या हाती तुझं कार्ड पडलं. वहीच्या पहिल्या पानावर ह्यांनी लिहिलं : तक्रारदार, मेहुणी. तक्रार, पाणी लागणे. लक्षणे, केस गळणे, निघून जाणे. संशयित, क्लोरीन.

मी अडवलं नाही. का अडवलं नाही, ते येईलच. आत्ता नळावरच राहू.

आधी ह्यांनी एक छोटी बाटली आणली. तिच्यातले दोन थेंब पाण्यात टाकले की क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं, जितका क्लोरीन जास्त तितकं जास्त गुलाबी. आमचं झालं. फार नाही, आपण लहानपणी बाहुलीच्या गालाला लावायचो तेवढं. पण ह्यांचा चेहरा त्याहून गुलाबी झाला. इतक्या वर्षांनी एक चोर रंगेहाथ सापडला होता. त्या दिवसापासून घरातला प्रत्येक पेला संशयित झाला. मी पाणी प्यायला घ्यावं तर त्यात आधीच थेंब. एकदा तर पाहुण्यांसाठी केलेलं सरबतही तपासणीचं पाणी समजून हे ओतून मोकळे झाले.

पहिला फिल्टर आला कोळशाचा. सक्रिय कोळसा म्हणतात त्याला. (आमच्या घरातला एकमेव सक्रिय सभासद.) तत्त्व सोपं आहे, कोळसा क्लोरीन धरून ठेवतो. ह्यांनी तो शॉवरच्या मानेत बसवला, खाली नवा पांढरा टॉवेल अंथरला आणि नळ सोडला. आधी निघाली ती शाई. नव्या कोळशाची भुकटी आधी वाहून जाऊ द्यावी लागते, असं खोक्यावर लिहिलं होतं; खोका ह्यांनी जपून माळ्यावर ठेवला होता. टॉवेल आता फरशी पुसायला आहे. मग थेंब टाकले तर पाणी स्वच्छ, रंगच नाही. हे नाचायचेच बाकी होते. पण ती तपासणी गार पाण्याची. दुसऱ्या दिवशी गरम पाण्याने आंघोळ करताना ह्यांना वाटलं, गरम पाणीही तपासावं; फिल्टर काढून स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी तापवून त्यातून ओतलं, आणि ते पुन्हा गुलाबी. कोळशाला गरम पाणी झेपत नाही, त्याचा हात सुटतो. ह्यांनी वहीत लिहिलं, ‘साक्षीदार उकळत्या प्रश्नांना फितूर होतो.’ मी म्हटलं, मग गार पाण्याने आंघोळ करा. त्यावर वहीत काही लिहिलं गेलं नाही.

एवढ्यात जावईबापूंना वास लागला. तुला आठवतात ना ते, कुठल्याही गोष्टीवर ‘मम्मी, यात आता नवीन आलंय’ म्हणणारे? त्यांनी नवीन आणलं. पारदर्शक नळकांडं, आत पंधरा थर, लाल-निळ्या-पिवळ्या गोळ्यांचे. शाळेबाहेरची ती गोळ्यांची बरणी शॉवरला उलटी टांगली आहे असं वाटायचं. जावईबापूंनी पंधराही थर उभ्याने वाचून दाखवले. एक थर पाण्याला मऊ करतो, एक ताजं करतो, एक त्वचेला तरुण करतो, आणि अकराव्यात म्हणे कसलीशी ऊर्जा आहे. ह्यांनी ऐकून घेतलं, आणि जावई गेल्यावर नळकांडं उघडून पंधरा थर पंधरा वाट्यांत काढले. (माझ्या वाट्या. खोट्या ठरवलेल्याच.) प्रत्येक थराचं वजन केलं, प्रत्येकातून गरम पाणी ओतलं, प्रत्येकाला थेंब. तीन दिवस आम्ही ताटलीत आमटी घेऊन जेवलो. निकाल असा की पंधरातला एकच थर काम करतो, कॅल्शियम सल्फाइट की काय नावाचे पांढरे दाणे, आणि तेही नखाएवढे. बाकीचे चौदा नुसते उभे. सातवा आणि बारावा तर एकच निघाले, फक्त कपडे बदललेले. हे त्या वाट्यांकडे बघत म्हणाले, ‘आमच्या कचेरीची आठवण झाली.’

जावईबापूंना हे सांगायचं कसं? सांगितलंच नाही. परत भरून लावलं. पण पंधरा थरांतून पाणी यायचं ते एखाद्या कारकुनाने सही द्यावी तसं, थांबत, विचार करत. खांदा ओला होईपर्यंत डोक्यावरचं सुकायचं. हे तासभर आत असायचे आणि मी बाहेरून विचारायची, आहात ना?

मग मुलीने जीवनसत्त्वाचा फिल्टर पाठवला. सी जीवनसत्त्व, ज्यासाठी सिस्टर आपल्याला रोज अर्धं संत्रं खायला लावायच्या आणि साल मोजून परत घ्यायच्या, ते आता शॉवरमधून येतं. खोटं नाही सांगत, सगळ्यांत चोख हाच निघाला. गार असो गरम असो, थेंब टाकले की पाणी निर्मळ. बाथरूमला लिंबाचा वास यायला लागला. दोषच काढायचा तर तो साबणासारखा झिजतो. महिना टिकेल म्हणाले होते, आमच्याकडे बाराव्या दिवशी संपला, कारण हे तपासणीच्या नावाखाली दिवसातून तीनदा आंघोळ करत होते. मी म्हटलं, नाश्त्याला एक संत्रं द्या म्हटलं तर तोंड वाकडं करता आणि मोरीला जीवनसत्त्व पाजता. आणि ताई, या सगळ्यात हे रोज डोक्यावरून हात फिरवून मला सांगायचे की केसांत फरक जाणवतो आहे. ह्यांच्या डोक्यावर गेली बावीस वर्षं एक केस नाही. तुझ्या केसांसाठी सुरू झालेल्या तपासात साक्षीला कोण उभं राहिलं, ते बघ.

शेवटचा तांब्या-जस्ताचा. लोखंडाच्या कारखान्यातली असावी तशी पिवळसर भुकटी, हातात घेतला तर पायावर पडेल म्हणून भीती वाटावी इतका जड. याची ख्याती अशी की गरम पाणी यालाच मानवतं. पण पाणी जोरात यायला हवं, नाहीतर भुकटीचा दगड होतो. आणि अधूनमधून तो उलटा करून धुवायचा. आमची टाकी आमच्या डोक्यावर एकच मजला. जोर कुठून येणार? त्यासाठी नळवाल्याला बोलावलं. तो आला, वर बघितलं, खाली बघितलं, आणि ह्यांना विचारलं की साहेब, हा लावायचा कशाला? ह्यांनी वही पुढे केली. त्याने ती अदबीने परत दिली आणि फिल्टर लावून गेला. (तो वाचायला चष्मा लावतो आणि चष्मा न आणण्याची त्याला सवय आहे.)

तर मुद्दा असा, की तपास पूर्ण झाला. कोळसा गार पाण्यापुरता शहाणा, पंधरा थरांत चौदा फुकटे, जीवनसत्त्व उत्तम पण अल्पायुषी, तांबं-जस्त आमच्या टाकीच्या मानाने फार मोठ्या घरचं. आणि सरतेशेवटी, तू हसशील, ह्यांनी एकदा फिल्टरच न लावता थेट शॉवरचं पाणी तपासलं. तोवर फिल्टरशिवायचं तपासलं होतं ते फक्त नळाचं, स्वयंपाकघरातलं, जे थेट पालिकेकडून येतं. शॉवरचं येतं गच्चीवरच्या टाकीतून, जी दिवसभर उन्हात तापते आणि तिचं झाकण वर्षभर अर्धं उघडं आहे. क्लोरीन तिथूनच उडून जातो. थेंब टाकले तर पाणी जेमतेम लाजलं. म्हणजे आम्ही सात आठवडे जो चोर पकडत होतो, तो आमच्या न्हाणीघरात फारसा आलाच नव्हता. ह्यांनी वही मिटली.

आणि खरं तर हे मला पहिल्या दिवशीच सांगता आलं असतं. आपलं वसतिगृह आठव. दर शनिवारी माळी हौदात पांढरी पावडर ओतायचा आणि रविवारी सकाळी सगळ्या मुलींच्या डोक्याला त्याचा वास. घंटा ते घंटा पाच मिनिटांत आंघोळ, सिस्टर बाहेर शिट्टी घेऊन. मग तू माझ्या मागे बाकावर बसायचीस आणि माझे केस विंचरायचीस. गुंता आला की वरून घट्ट धरून ठेवायचीस, म्हणजे ओढ मला लागू नये. अजून कुठे पोहण्याच्या तलावाजवळून गेलं की तो वास येतो आणि माझी मान आपोआप मागे जाते. नऊ वर्षं त्या पाण्यात तुझी वेणी कमरेच्या खाली वाढली. अशा बाईला आमच्या टाकीतलं लाजरं पाणी लागेल होय?

असो. खुलासा संपला. ट्रंक बळकट आहे, कुलूप शाबूत आहे, वाहतूकवाल्याला सांगते. गुडघ्याला शेक देत जा. डोळ्यांत थेंब घाल (दुसरे, आमचे गुलाबी नव्हे). ह्यांचा नमस्कार, मुलीचा आणि जावईबापूंचाही. जावईबापू म्हणतात, आता सोळा थरांचा आलाय.

तुझी,
धाकटी

ता. क. वाहतूकवाल्याला सांगितलेलं नाही. सांगणारही नव्हते. वर लिहिलं ते पत्र नीट संपावं म्हणून.

ता. क. दुसरा. ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते वर चार पानांत कुठेच नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. तू जायच्या आदल्या दिवशी मोरी तुंबली होती. नळवाला आत जाळी उचकटत बसला होता आणि आपण सगळे जेवायला बसलो होतो, मुलगी-जावईही होते. त्याने आतून ओरडून सांगितलं की केसांचा गुंता आहे. आणि मी म्हणाले, ‘ताई, डोक्यावर काही शिल्लक आहे का, की सगळं माझ्या मोरीत?’ सगळे हसले. तूही हसलीस. मला वाटलं, विनोद बरा झाला. भाऊजी गेल्यापासून तुझे केस जात होते, हे मला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं म्हणूनच तोंडाला आलं. दुसऱ्या दिवशी निघताना तू म्हणालीस पाणी लागतं, आणि मी ते ऐकलं, आणि कार्डातही तेच आल्यावर ह्यांनी वही काढली तेव्हा मला बरं वाटलं. सगळं पालिकेवर गेलं. माझ्यावर काही आलं नाही. एवढ्यासाठी मी सात आठवडे ह्यांना नाचू दिलं आणि चार फिल्टर घरात येऊ दिले.

परवा नळवाला तांब्या-जस्ताचा फिल्टर काढायला आला तेव्हा मी त्याला सहज म्हटलं, आमच्या ताईंना इथलं पाणी लागलं म्हणून हे सगळं. तो पाना पुसत होता. म्हणाला, त्या दिवशी तुम्ही सगळे जेवण आटोपून बाहेरच्या खोलीत बसलात, तेव्हा त्या बाई आत आल्या होत्या. बादलीतला गुंता त्यांनी स्वतः उचलला, खिडकीपाशी नेऊन बघितला आणि वर्तमानपत्रात गुंडाळला. अर्ध्याहून जास्त केस आखूड होते, काळे रंगवलेले, मुळाशी पांढरे. ‘मला म्हणाल्या, धाकटीला सांगू नका, तिला लागेल.’

ताई, या घरात केस रंगवणारं कोण आहे ते तुला माहीत आहे. ह्यांना तर रंगवायला काहीच नाही.

तू ते कागदात गुंडाळून कुठे टाकलंस मला ठाऊक नाही. मी तुला सगळ्यांदेखत बोलले, आणि तू माझे केस लपवून माझी अब्रू झाकून गेलीस, आणि वर दोष पाण्याला दिलास. नऊ वर्षं गुंता वरून घट्ट धरलास, साठीनंतरही तेच. मला क्षमा कर, असं कार्डावर लिहायला घेतलं होतं. ते दोन ओळींत मावत होतं, म्हणून लाज वाटली.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. शॉवरला आता एकही फिल्टर नाही. हे चारही फिल्टर ओळीने बाल्कनीत मांडून बसलेत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगतात. तू आलीस की तुलाही सांगतील, तेवढं सोसावं लागेल. मोरीची जाळी मी आता रोज स्वतः साफ करते. त्यात काय निघतं ते यापुढे तुला लपवावं लागणार नाही.

तुला सहावीतला माझा गृहपाठ आठवतो का? मराठीच्या बाईंनी ‘लागणे’ या क्रियापदाची दहा वाक्यं लिहून आणायला सांगितली होती, प्रत्येकाचा अर्थ वेगळा हवा. मला तीनही येईनात. तू खाटेवर बसून नऊ सांगितलीस, भूक लागली, ठेच लागली, दार लागलं, नोकरी लागली, अशी, आणि दहावं मला सुचेल म्हणून सोडलंस. मला सुचलं नाही. बाईंनी तिथे लाल गोल काढला होता.

आज लिहिते. दहावं वाक्य : मला ताई लागते.

तपासून मार्क दे. मात्र इथे येऊन दे. पोस्टाने आलेले मार्क धरले जाणार नाहीत.